चंदेरी फॉइलसाठी ४,२०० डॉलर मोजावेत का?

केटीकर:

नमस्कार मंडळी,

आमचे घर टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे आहे. घर १९९८ सालचे, एकमजली, २,४०० चौरस फुटांचे असून घरभर थंड हवा पोहोचवणारे सगळे डक्ट आणि एसीचे आतले यंत्रही माळ्यावरच, म्हणजे इकडे ज्याला ॲटिक म्हणतात तिथे, बसवलेले आहे. गेल्या ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजता तिथल्या तापमापकाने १३१ अंश फॅरनहाइट दाखवले होते, म्हणजे बरोबर ५५ सेल्सिअस. तुळयांमधल्या जागेत जुने, यंत्राने फुंकून भरलेले फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर, आहे. त्याची जाडी मी कधी मोजलेली नाही, पण तुळयांच्या वरच्या कडा उघड्या दिसतात.

गेल्या महिन्यात टपालाने एका उपाहारगृहातील मोफत जेवणाचे आमंत्रण आले. जेवणापूर्वी तासभर 'रेडियंट बॅरिअर'ची, म्हणजे माळ्यावर बसवायच्या चंदेरी फॉइलची, माहिती देण्यात आली. विक्रेत्याने एक तापलेला दिवा पेटवला, आमच्या हातापुढे फॉइल धरले, आणि क्षणात धग नाहीशी झाली. सगळे थक्क झाले. माझ्या पत्नीने मात्र विचारले की आमच्या माळ्यावर फायबरग्लास आहेच, मग दिव्याखाली आधी फायबरग्लासचा थर ठेवून मग फॉइल का धरले नाही? त्यावर तो हसला आणि पुढच्या टेबलाकडे वळला.

कोटेशन ४,२०० डॉलरचे आहे. वीजबिल ४० टक्क्यांनी घटेल, शिवाय केंद्र सरकारची करसवलतही मिळेल, असे त्याचे म्हणणे आहे. फॉइल वाशांच्या खालून ठोकणार की फायबरग्लासवर अंथरणार, असे विचारले तर 'दोन्ही सारखेच' असे उत्तर मिळाले.

आमचा वापर असा आहे: गेल्या बारा महिन्यांत १५,९०० युनिट; डिसेंबर ते फेब्रुवारी महिन्याला सरासरी ७४०; सर्वाधिक ऑगस्टमध्ये, २,१५०. सगळे आकार धरून युनिटला १५ सेंट पडतात. हिवाळ्यातले घर गॅसवर तापते. हा खर्च करावा का, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

वहीखाते:

केटीकर, आपण बिलाचे आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे.

ज्या महिन्यांत एसी बंद असतो, त्या महिन्यांचे ७४० युनिट म्हणजे फ्रिज, दिवे, धुलाईयंत्र आणि संगणकांचा वापर. तो वर्षभर तसाच चालतो असे धरले तर १२ महिन्यांचे ८,८८० युनिट होतात. १५,९०० मधून ते वजा केले की उरलेले ७,०२० युनिट, म्हणजे सुमारे १,०५० डॉलर, ही आपली वर्षभराची एसीची खरी किंमत. फॉइलने जी काही बचत व्हायची ती या १,०५० मधून व्हायची. फ्रिज माळ्यावर नसतो. विक्रेता म्हणतो तसे संपूर्ण बिल ४० टक्क्यांनी घटायचे असेल तर २,३८५ डॉलरच्या बिलातून ९५४ डॉलर वाचायला हवेत, म्हणजे एसी जवळपास फुकट चालायला हवा.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सांगणे असे की उष्ण, भरपूर उन्हाच्या प्रदेशात अशा फॉइलने थंडाव्याचा खर्च ५ ते १० टक्के कमी झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. आपल्या बाबतीत ते वर्षाला ५२ ते १०५ डॉलर होतात. ४,२०० डॉलर वसूल व्हायला, अगदी वरचा आकडा धरला तरी, ४० वर्षे लागतील, आणि तोवर छत दोनदा बदलून झालेले असेल.

करसवलतीबद्दल: घराच्या इन्सुलेशनसाठी (उष्णतारोधक थरासाठी) साहित्याच्या किमतीच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १,२०० डॉलर, अशी केंद्रीय सवलत होती, परंतु ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला ती उरलेली नाही. विक्रेत्याने आजही तिचे नाव घेतले असेल तर त्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही त्याच नजरेने पाहावे.

आता फॉइल नेमके काय करते ते पाहू, कारण ते निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. उन्हाने तापलेली छताची फळी खालच्या दिशेने उष्णता प्रारणाने फेकत असते आणि लाकूड हे काम अगदी सढळ हाताने करते. स्वच्छ ॲल्युमिनियम मात्र या बाबतीत कमालीचे कंजूष असते: स्वतः तापले तरी लाकडाच्या तुलनेत जेमतेम पाच-सहा टक्के उष्णता बाहेर टाकते. म्हणून फॉइलची चकचकीत बाजू खाली, मोकळ्या हवेकडे तोंड करून असली तरी काम होते आणि तिच्यावर धूळही बसत नाही. 'दोन्ही सारखेच' हे उत्तर इथे चुकते. फायबरग्लासवर अंथरलेल्या फॉइलच्या वरच्या बाजूवर धूळ साचते, आणि धुळीचा थर बसलेले फॉइल काही वर्षांत साध्या कागदासारखे वागू लागते. त्याला लागून हवेची पोकळी नसेल तर ते उष्णता वाहून नेणारा धातूचा पत्रा ठरते. फॉइलला स्वतःची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतेचे वहन रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, नसते ती याच कारणाने.

पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतो. तुळयांच्या कडा दिसत असतील तर थर फार तर सहा इंचांचा. फुंकलेल्या फायबरग्लासला इंचामागे अडीच धरले तर आर-१५. माळा १३१ अंश, घर ७६ अंश, म्हणजे फरक ५५. २,४०० गुणिले ५५ भागिले १५, म्हणजे भर दुपारी छतातून तासाला ८,८०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे इकडचे एकक) घरात उतरतात. फॉइलमुळे माळा २० अंशांनी निवला असे उदारपणे धरू: आकडा ५,६०० वर येतो, बचत ३,२०० ची. त्याऐवजी फॉइल न लावता इन्सुलेशन आर-३८ पर्यंत वाढवले तर आकडा ३,४७४ वर येतो, बचत ५,३२६ ची, आणि तीही धुळीला न घाबरणारी. आर-३८ झाल्यानंतर फॉइल लावले तर त्याची जादा बचत उरते १,२६३. जिथे इन्सुलेशन चांगले आहे तिथे फॉइलला करायला कामच उरत नाही. हे गणित ढोबळ आहे, आणि ते ऐन उन्हाच्या तासाचे आहे. रात्री व ढगाळ दिवशी सगळेच आकडे लहान होतात.

एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाची शिफारस आपल्या हवामान पट्ट्यासाठी, तीन-चार इंच थर आधीपासून असेल तर, आर-३८ ची भर घालण्याची आहे. आधी पट्टी घेऊन वर चढा.

ओसरी:

वहीखाते यांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यांनी छताचा हिशेब केला आणि डक्टचा सोडला. केटीकरांच्या घरात खरी गोम तिथेच आहे. मी डॅलसजवळ राहतो आणि आमच्याकडेही सगळा पसारा माळ्यावरच आहे.

त्या काळातल्या लवचिक डक्टवरचे आवरण बहुधा आर-४.२ चे असते. डक्टच्या आत ५६ अंशांची हवा, बाहेर १३१. फरक ७५ अंशांचा, म्हणजे छतापेक्षाही जास्त, आणि मध्ये आवरण छतापेक्षा कितीतरी पातळ. डक्टचा एकूण पृष्ठभाग ३०० चौरस फूट धरला तर तासाला ५,३५७ बीटीयू वाटेतच मुरतात. एक टनाचा एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. तेव्हा जवळजवळ अर्धा टन थंडावा खोलीत पोहोचण्याआधीच माळ्याला दान केला जातो. छतावरचा थर कितीही जाड केला तरी त्या थराच्या वर लोंबणाऱ्या डक्टला त्याचा काही उपयोग नाही. फॉइलचा आहे. माळा २० अंशांनी निवला तर हा तोटा ३,९२९ वर येतो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकातही माळ्यावर डक्ट असतील तर फॉइलची बचत वाढते असेच म्हटले आहे. त्यामुळे मी केटीकरांसाठी पाच नव्हे, दहा टक्क्यांकडचा आकडा धरीन. अर्थात ४,२०० डॉलरला तोही परवडत नाही, हे मान्य.

त्याआधी डक्टची गळती पाहावी. सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते, असे एनर्जी स्टार सांगते. माळ्यावर थंड हवा सांडली की घरात तेवढी पोकळी निर्माण होते आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा आत खेचली जाते. ह्यूस्टनच्या दमटपणात एसीची बरीच शक्ती मग ते पाणी गाळण्यात जाते. एसी चालू ठेवून वर जा आणि प्रत्येक सांध्याभोवती ओला हात फिरवा. गळती लगेच कळते. सांधे बुजवायला मास्टिक नावाचा लेप वापरावा. कापडी डक्ट टेप वापरू नये: लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये निरनिराळ्या टेपांना उष्णतेत तपासले तेव्हा नापास झाली ती नेमकी डक्ट टेपच.

रविवारचा सुतार:

मी सॅन अँटोनिओमध्ये स्वतःच्या हातांनी फॉइल बसवले आहे, म्हणून लिहितो. चार फूट रुंद आणि अडीचशे फूट लांब अशा तीन गुंडाळ्या, स्टेपल आणि मास्क मिळून ५४० डॉलर खर्च आला. काम जानेवारीतल्या चार रविवारी, सकाळी केले. उन्हाळ्यात हे काम करण्याचा विचारसुद्धा करू नये.

कोकणातल्या आमच्या घरातले शब्द मला इथे उपयोगी पडले. फॉइल वाशांच्या खालच्या कडेला ठोकावे म्हणजे फळी आणि फॉइल यांच्यामध्ये वाशाच्या उंचीएवढी पोकळी आपोआप राहते. वळचणीकडे फॉइल झरोक्यांच्या थोडे अलीकडेच थांबवावे आणि आढ्याजवळ तीन-चार इंचांची फट सोडावी. वळचणीतून शिरलेली हवा त्या पोकळीतून तापत वर जाते आणि आढ्याच्या झरोक्यातून बाहेर पडते. फॉइल वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग ताणून दोन्ही टोके बंद केली तर हवा कोंडते. बारीक छिद्रांचेच फॉइल घ्यावे, म्हणजे बाष्प अडत नाही. फॉइलने शिंगल्स, म्हणजे छतावरच्या कौलांसारख्या चकत्या, भाजून निघतात अशी एक भीती घातली जाते. प्रत्यक्ष मोजणीत ती वाढ २ ते १० अंश फॅरनहाइट एवढीच भरलेली आहे.

दुसऱ्या रविवारी माझा पाय तुळईवरून घसरला आणि गुडघ्यापर्यंत थेट खालच्या खोलीत उतरला. खाली मुलगी अभ्यासाला बसली होती. तिच्या वहीवर ड्रायवॉलचा (छताच्या जिप्सम फळीचा) चुरा, फायबरग्लास आणि बाबांचा एक बूट असे सगळे एकदम पडले. छत दुरुस्तीचे १८० डॉलर त्या ५४० मध्ये मिळवावेत. पायाखाली जाड फळीचे दोन तुकडे टाकून, एकावरून दुसऱ्यावर सरकत काम करावे, हे मला त्यानंतर सुचले.

परिणाम विचाराल तर बिलात मला तो ठामपणे दाखवता येत नाही, कारण त्याच वर्षी आम्ही थर्मोस्टॅटही बदलला. संध्याकाळी सात वाजता माळ्यावर जाता येते, हे मात्र खरे. पूर्वी रात्री दहापर्यंत जाता येत नसे.

ब्रिस्बेनहून:

सुतारकाम करणाऱ्यांनी एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे हे ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रेलिया सरकारने २००९ मध्ये घरोघरी छतात इन्सुलेशन बसवण्याची मोठी अनुदान योजना काढली. तिच्यात चार तरुण कामगार दगावले, त्यांतले तिघे विजेच्या धक्क्याने. फॉइल तुळयांवर ठोकताना धातूचा स्टेपल तुळईवरून गेलेल्या वायरीत घुसल्याने आख्खे फॉइलच विजेने भारले गेल्याचे प्रकार त्यात होते. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि पुढे शाही आयोगाची चौकशीही झाली. फॉइल हा विजेचा उत्तम वाहक आहे. मुख्य स्विच बंद करून, बॅटरीच्या दिव्यावरच काम करावे, आणि वायर ज्या लाकडाला बांधलेली आहे त्या लाकडाला स्टेपल मारू नये.

अंबानगरी:

विषय अमेरिकेतल्या माळ्याचा आहे, पण अमरावतीतला अनुभव त्याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतो म्हणून लिहितो. आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ सेल्सिअसला जातो तेव्हा पत्र्याला हात लावता येत नाही, आणि खोलीत पंख्याखाली बसूनही डोके तापते, कारण हवा नव्हे, पत्राच माणसाला भाजत असतो. तिथे ना फायबरग्लास, ना माळा.

आम्ही पत्र्याखाली बबल शीटचे फॉइल चौरस फुटाला २२ रुपये दराने बसवून घेतले. पहिल्या वेळी कारागिराने फॉइलला टेकवूनच पीव्हीसीच्या पट्ट्यांचे छत ठोकले, दोन्हीमध्ये बोटभरही जागा ठेवली नाही, आणि उन्हाळ्यात फरक जवळपास शून्य. दिवाळीनंतर पट्ट्या उतरवून दोन इंच खाली घेतल्या. त्या मे महिन्यात आई दुपारी त्याच खोलीत कुरडया वाळत घालून तिथेच आडवी झाली, तेव्हा काम झाल्याचे आम्हाला कळले. ज्या छताखाली दुसरे काहीच नाही तिथे फॉइलइतके स्वस्त आणि गुणकारी काही नाही. केटीकरांना दाखवलेला दिवा म्हणजे आमची खोली होती. त्यांचे घर नव्हे.

केटीकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सकाळी पट्टी, विजेरी आणि ओला हात घेऊन वर गेलो. थर बहुतेक ठिकाणी पाच ते सहा इंच आहे. एसीच्या यंत्राभोवती, जिथे दुरुस्तीवाले वर्षानुवर्षे गुडघे टेकत आले, तिथे जेमतेम दोन. यंत्रातून मुख्य डक्ट जिथे निघतो त्या सांध्यावर जुनी करडी टेप वाळून सालीसारखी लोंबत होती आणि हाताला चांगला गार वारा लागला. माळ्यावर चढायच्या घडीच्या शिडीच्या झाकणाभोवतीही बोट जाईल एवढी फट आहे.

त्या विक्रेत्याला नकार कळवला. फोनवर तो ४,२०० वरून २,६०० वर आला, आणि मी ठेवू लागलो तेव्हा फॉइलऐवजी चंदेरी रंगाचा फवारा १,४०० मध्ये देऊ लागला. इन्सुलेशन आर-३८ पर्यंत फुंकून भरण्याचे एक कोटेशन १,९०० डॉलरचे आले आहे. आधी मास्टिक, मग फुंकणे, आणि फॉइलचे पुढच्या हिवाळ्यात पाहू, असा विचार आहे.

वहीखाते:

रंगाच्या फवाऱ्याला नकार दिलात ते योग्यच. चांगल्या प्रतीचा असा रंग लाकडाच्या तुलनेत पाव हिश्श्याच्या आसपास उष्णता सोडतो, फॉइल विसाव्या हिश्श्याच्या. आणि फवारा किती जाड बसला हे खालून कोणालाच तपासता येत नाही.

रविवारचा सुतार:

केटीकर, क्रम बदला. एकदा पंधरा इंचांचा कापूस फुंकला की तुळया दिसेनाशा होतात; त्यानंतर फॉइल ठोकायला वर गेलात तर पाय कुठे ठेवायचा हेच कळणार नाही, आणि जिथे जिथे चालाल तिथे १,९०० डॉलरचा थर दाबून बसवाल. फॉइल लावायचेच असेल तर ते फुंकण्याच्या आधी. नसेल लावायचे तर ते कायमचेच नाही, असे धरून चाला.

ओसरी:

सुतारसाहेबांचे बरोबर आहे. सगळे छत झाकण्याचीही गरज नाही. यंत्र आणि मुख्य डक्ट छताच्या ज्या पाखाखाली, म्हणजे उताराखाली, आहेत तेवढे पाख केले तरी त्यांच्यावर थेट पडणारी धग अडते. संपूर्ण माळा तितका निवणार नाही, पण खर्चही निम्मा होईल.

केटीकर:

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दुपारी मोजले: यंत्र आणि मुख्य डक्ट पश्चिमेच्या पाखाखाली आहेत, ते साधारण १,३०० चौरस फूट भरते. दीड गुंडाळी लागेल, म्हणून दोन मागवल्या आहेत, साडेतीनशे डॉलरच्या आत. फेब्रुवारीचे दोन रविवार हाताशी आहेत; फुंकणाऱ्यांना मार्चच्या दुसऱ्या आठवड्याची वेळ दिली आहे. मुख्य स्विच बंद राहणार असल्याने पत्नीने त्या दोन्ही रविवारी मुलांना घेऊन मैत्रिणीकडे जायचे ठरवले आहे, आणि जाण्याआधी माळ्याच्या खालच्या खोलीतला टीव्ही हलवून ठेवण्याची सूचना केली आहे.